क्रिटिकल थिअरी प्रत्यक्ष वापरायची कशी? एका साध्या अॅपवरून, पायरी पायरीने

क्रिटिकल थिअरी, म्हणजे समाज आहे तसा का आहे आणि तो कसा बदलता येईल हे तपासणारा विचार, शिकणाऱ्यांचं घोडं अडतं ते ती वापरायला घेतल्यावर. होर्कहायमर कोण, अडोर्नो काय म्हणाला, हेजेमनी (लोकांच्या संमतीने चालणारं वर्चस्व) कशाला म्हणतात हे सगळं पाठ असतं. पण समोर एखादी जाहिरात किंवा सिरियलचा एपिसोड ठेवला आणि यावर दोन पानं लिही म्हटलं की एक तर काहीच सुचत नाही, नाहीतर ठरलेलं उत्तर बाहेर येतं, की हे सगळं भांडवलशाहीचं काम आहे, लोकांना गुंगीत ठेवलंय वगैरे. हे उत्तर कुठल्याही वस्तूला चिकटवता येतं, आणि म्हणूनच त्यातून त्या वस्तूबद्दल काहीच कळत नाही.

मला वाटतं अडचण क्रमाची आहे. आपण आधी थिअरी निवडतो आणि मग वस्तू त्यात बसवतो. करायचं बरोब्बर उलटं: आधी वस्तू नीट बघायची, ती स्वतः काय वचन देते ते शोधायचं, ते वचन कुठे आणि का मोडतं ते बघायचं, आणि त्या वाटेवर जिथे अडेल तिथेच एखाद्या विचारवंताला हाक मारायची. या लेखात मी तोच क्रम धरलाय.

सोबतीला एकच उदाहरण घेऊ. समजा एका कंपनीने सगळ्या कर्मचाऱ्यांना एक मेडिटेशन अॅप फुकट दिलंय. रोज सकाळी नोटिफिकेशन येतं, "आजचा दिवस तुमच्या हातात आहे, तीन मिनिटं श्वास घ्या." साधी गोष्ट आहे, कुणाचं वाईट करणारी तर अजिबात वाटत नाही, आणि अशाच गोष्टींवर ही थिअरी चांगली चालते.

आधी थोडी पार्श्वभूमी, कारण तिच्याशिवाय पुढचं अधांतरी राहील

१९२३ साली जर्मनीत फ्रँकफर्टला इन्स्टिट्यूट फॉर सोशल रिसर्च सुरू झाली. पैसा फेलिक्स वाइलच्या घरचा, त्याच्या वडिलांनी अर्जेंटिनात धान्याच्या व्यापारात कमावलेला. १९३० मध्ये माक्स होर्कहायमर संचालक झाला आणि पुढे तिथे एरिश फ्रॉम, हर्बर्ट मार्क्यूज, थिओडोर अडोर्नो अशी माणसं जमली, वाल्टर बेन्यामिन बाहेरून लिहीत होता. या सगळ्यांना एक प्रश्न छळत होता. कामगारांची संख्या आहे, पक्ष आहेत, संघटना आहेत, मग समाज मोकळा होण्याऐवजी हुकूमशाहीकडे का चाललाय? माणसं स्वतःच्या हिताच्या विरोधात जाणाऱ्या व्यवस्थेला साथ का देतात? नुसत्या अर्थकारणाने याचं उत्तर मिळेना, म्हणून त्यांनी मानसशास्त्र, कुटुंब, सिनेमा, रेडिओ, संगीत सगळं अभ्यासात ओढलं. १९३३ मध्ये नाझी सत्तेवर आले आणि संस्था बंद पाडली गेली, मग जिनिव्हा, मग न्यूयॉर्कची कोलंबिया युनिव्हर्सिटी, आणि परत फ्रँकफर्ट थेट १९५० च्या सुमारास. बेन्यामिन मात्र १९४० मध्ये फ्रान्समधून पळताना स्पेनच्या सीमेवर पोर्टबो इथे मरण पावला. हे सांगतोय कारण या लिखाणात जो निराशेचा सूर लागतो तो खुर्चीत बसून आलेला नाही.

१९३७ च्या एका निबंधात होर्कहायमरने पारंपरिक आणि क्रिटिकल असे थिअरीचे दोन प्रकार वेगळे केले. पारंपरिक थिअरी जगाकडे बाहेरून बघते, तथ्यं गोळा करते, नियम लावते. क्रिटिकल थिअरीचं म्हणणं असं की जे तथ्य आपण बघतोय त्यालाही इतिहास आहे आणि जी नजर बघतेय तिलाही, दोन्ही समाजातच घडलेत. आणि अभ्यासाचा हेतू नुसतं समजणं नाही, माणसाला जखडणाऱ्या परिस्थितीतून त्याची सुटका व्हावी हा आहे. त्यामुळे तुमच्या विश्लेषणाला तीन प्रश्नांची उत्तरं द्यावी लागतील: काय बिघडलंय आणि का, कुठल्या निकषावर बिघडलंय म्हणता, आणि काय बदलू शकतं. यातलं एक जरी सुटलं तरी लिखाण लंगडं पडतं.

आज या नावाखाली ग्राम्शी, फुको, स्टुअर्ट हॉल, स्त्रीवादी, वंशवादविरोधी, वसाहतोत्तर अभ्यास असं बरंच काही येतं. सगळे एकमेकांशी सहमत नाहीत आणि ते चांगलंच आहे.

पायरी १: वस्तू लहान घ्या

"सोशल मीडियाचा समाजावर परिणाम" हा विषय घेऊ नका, तो कुणालाच पेलत नाही. एक नोटिफिकेशन, एका सिनेमातला एक सीन, एक अर्जाचा फॉर्म, एक पोस्टर. जर्मन लेखक सिगफ्रिड क्राकाउअरने १९२७ मध्ये टिलर गर्ल्स नावाच्या डान्स ट्रूपवर लिहिलं, ज्यात ओळीत उभ्या मुलींचे पाय एकाच वेळी एकाच उंचीवर जायचे. त्याने म्हटलं की हे पाय म्हणजे कारखान्यातले हात आहेत, तीच लय, तोच तुकड्या-तुकड्यांचा मेळ, जिथे एकेका माणसाला अर्थ नाही, फक्त पॅटर्नला आहे. एका करमणुकीच्या कार्यक्रमातून त्याने अख्ख्या उत्पादनपद्धतीचं दर्शन घडवलं, ते वस्तू छोटी होती म्हणूनच जमलं.

पायरी २: मत न देता एक पान वर्णन लिहा

ही पायरी सगळे गाळतात आणि तिथेच हरतात. वस्तू समोर ठेवायची आणि दिसतं ते लिहायचं. "फसवं", "शोषक", "सुंदर" असले शब्द अजिबात नकोत. कोण बोलतंय, कुणाशी बोलतंय, कुठल्या वेळी, काय करायला सांगतंय, काय बोलतच नाही.

यात काय ताकद आहे ते अडोर्नोच्या एका अभ्यासात दिसतं. त्याने १९५२ च्या नोव्हेंबरपासून १९५३ च्या फेब्रुवारीपर्यंत लॉस एंजेलिस टाइम्समधलं रोजचं राशिभविष्य वाचून काढलं. ज्योतिष खरं की खोटं या वादात तो पडलाच नाही. त्याने बघितलं की हे सदर कुणाशी बोलतंय. तर असं दिसलं की वाचक म्हणजे ऑफिसात बऱ्यापैकी हुद्द्यावरचा माणूस आहे असं सदर धरून चालतं, पण खरे निर्णय नेहमी वरच्यांच्या हातात असतात आणि सल्ला असतो जुळवून घेण्याचा. दुसरं म्हणजे काम करा आणि मजाही करा या दोन उलट्या मागण्या सदर कशा जुळवतं, तर वेळ वाटून देऊन. सकाळ कामाची, दुपारनंतरचा वेळ आनंदाचा. आणि तो आनंदही पुढे जाण्यासाठी उपयोगी पडेल असाच. ग्रहताऱ्यांचा प्रत्यक्ष उल्लेख फार कमी. म्हणजे भविष्याच्या नावाखाली तिथे नोकरदार माणसाला रोज शिस्तीचा डोस मिळत होता. हा निष्कर्ष कुठल्या पुस्तकातून उचललेला नाही, सदर रोज नीट वाचल्याने निघालेला आहे.

आपल्या अॅपचं वर्णन केलं तर काय दिसतं? नोटिफिकेशन पहिल्या मीटिंगच्या पंधरा मिनिटं आधी येतं. वाक्य एकट्या माणसाशी बोलतं, "तुमच्या हातात", टीमबद्दल किंवा ऑफिसबद्दल काही नाही. सलग किती दिवस केलं त्याची गिनती दिसते आणि एक दिवस चुकला की शून्य. शेवटी विचारतात, आता किती फ्रेश वाटतंय, १ ते ५. खाली कंपनीचा लोगो. टीमनिहाय यादी आहे, कुठली टीम पुढे. दमलात का, कशामुळे दमलात, हा प्रश्न मात्र कुठेच नाही.

इतकं लिहून झालं की अर्धं काम झालं असं समजा.

पायरी ३: वचन शोधा, आणि त्याच वचनावर वस्तूला तपासा

माझ्या मते हाच या सगळ्या पद्धतीचा गाभा आहे, म्हणून इथे जरा थांबतो. याला इमॅनंट क्रिटिक म्हणतात, मुळं जर्मन तत्त्वज्ञ हेगेलमध्ये आणि मग मार्क्समध्ये. कल्पना अशी की टीका करताना बाहेरून स्वतःचे निकष आणायचे नाहीत, वस्तू स्वतःबद्दल जे सांगते तेच निकष म्हणून धरायचे. मार्क्सने बाजाराबाबत हेच केलं. बाजार म्हणतो इथे सगळे स्वतंत्र आणि समान, कुणावर जबरदस्ती नाही. बरं, धरूया खरं. मग कामगार करार करतो तेव्हा तो स्वतंत्र आहेच, पण त्याच्याकडे विकायला स्वतःच्या श्रमाशिवाय दुसरं काहीच नाही, त्यामुळे न विकण्याचं स्वातंत्र्य त्याला नाही. बाजाराचा शब्द बाजारालाच लावून दाखवला.

करायचं कसं? कागदावर दोन रकाने आखा. डावीकडे वस्तूने दिलेली वचनं, शक्यतो तिच्याच शब्दांत. उजवीकडे प्रत्येक वचन खरं व्हायला जगात काय असावं लागेल ते. अॅपचं वचन: तुमचं मानसिक आरोग्य आमच्यासाठी महत्त्वाचं. हे खरं असायचं तर कामाचा बोजा माणसाला झेपेल इतका असेल, सुट्टी मागताना भीती वाटणार नाही, रात्री दहाला मेसेज येणार नाहीत, नोकरीची खात्री असेल. आता बघा यातलं काय आहे.

मग फट दिसते. पण फट दिसली की लगेच "ढोंग!" म्हणून मोकळं व्हायचं नाही, खरा प्रश्न पुढे आहे. ही फट चुकून राहिलीय की ती असल्याशिवाय ही वस्तूच उभी राहत नाही? समजा कंपनीने बोजा खरंच कमी केला तर या अॅपचं काय काम उरतं? फारसं नाही. म्हणजे शांततेचं वचन ज्या परिस्थितीमुळे विकलं जातं ती परिस्थिती तशीच राहणं या वस्तूला गरजेचं आहे. फट रचनेतलीच आहे. दुसऱ्या एखाद्या वस्तूत ती नुसती हलगर्जी असू शकते, तेव्हा तसं लिहा.

आणि तिसरी गोष्ट, जी मला सगळ्यात मोलाची वाटते. वचन खोटं ठरलं तरी त्यामागची गरज खोटी नसते. माणसांना शांतता खरंच हवी आहे. मार्क्यूजने १९३७ च्या एका निबंधात दाखवलं की उच्च संस्कृती माणसाला सुख, सौंदर्य, आत्म्याची मुक्ती देऊ करते पण ती फक्त मनाच्या आत, बाहेरचं जग आहे तसं ठेवून. त्यामुळे ती समजूत घालते, आणि त्याच वेळी बाहेर हे सुख नाही अशी तक्रारही तिच्यात जपलेली असते. दोन्ही एकदम. तुमच्या वस्तूत ही तक्रार कुठे दडलीय ते शोधा. रोज श्वासाची तीन मिनिटं शोधणारा माणूस मूर्ख नाही, त्याला काहीतरी बिघडलंय हे कळलंय. विश्लेषणाने त्याची बाजू घ्यायची असते.

पायरी ४: पैसा कुठून येतो, गिऱ्हाईक कोण

अडोर्नो आणि होर्कहायमर यांनी १९४० च्या दशकात अमेरिकेत बसून संस्कृती उद्योग ही कल्पना मांडली. लोक बावळट आहेत असं ते म्हणतात असा समज पसरलाय, पण मुद्दा निर्मितीचा आहे. सिनेमा, रेडिओ, मासिकं एका साच्यात तयार होतात, फरक वरवरचे असतात, आणि करमणूक ही कामातून सुटका वाटली तरी ती उद्या पुन्हा कामावर उभं राहता यावं इतपतच असते, कामाचाच लांबलेला भाग.

इथे हातात घेण्यासारखं एक काम सांगतो. अशा अॅप-कंपन्यांच्या वेबसाइटवर बऱ्याचदा दोन पानं असतात, एक वापरणाऱ्यांसाठी आणि एक कंपन्यांसाठी. दोन्ही शेजारी उघडा आणि क्रियापदं बघा. आपल्या उदाहरणात एकीकडे "शांत व्हा, स्वतःला वेळ द्या" आणि दुसरीकडे "गैरहजेरी कमी करा, कामगिरी वाढवा" असं असेल, तर गिऱ्हाईक कोण हे उघड आहे. शांतता इथे साधन झाली, साध्य काहीतरी वेगळंच. होर्कहायमर ज्याला साधनबुद्धी म्हणतो ती हीच, कशासाठी हा प्रश्न गळून पडतो आणि किती, किती लवकर एवढंच उरतं. १ ते ५ मधला फ्रेशनेस त्याचाच नमुना. याशिवाय अटी आणि शर्ती वाचा, डेटा कुणाकडे जातो, मालकाला नावानिशी दिसतो की एकत्रित. कंटाळवाणं काम आहे पण ठोस पुरावा इथेच मिळतो.

पण याच ठिकाणी बेन्यामिनला विसरू नका. त्याने १९३० च्या दशकात म्हटलं होतं की फोटो आणि सिनेमामुळे कलेच्या प्रती निघायला लागल्या, तिच्याभोवतीचं पूजेचं वलय गेलं, आणि त्यातून सामान्य माणसाच्या हातात काहीतरी आलंसुद्धा. अडोर्नोला हे पटलं नाही आणि १९३६ मध्ये त्याने पत्र लिहून ते कळवलं. म्हणून हाही प्रश्न विचाराच: ही वस्तू काही मोकळं करतेय का? ज्याला थेरपिस्टची फी परवडत नाही त्याला अॅपमुळे पहिल्यांदा स्वतःच्या मनाबद्दल बोलायला शब्द मिळाले असतील, तर तेही लिहायला हवं.

पायरी ५: "हे असंच असतं" असं काय वाटायला लावलंय

फ्रेंच लेखक रोलाँ बार्थने १९५७ च्या पुस्तकात एका मासिकाच्या कव्हरबद्दल लिहिलंय. फ्रेंच गणवेशातला एक कृष्णवर्णीय तरुण सैनिक सॅल्यूट करतोय. चित्रात एवढंच. पण त्यातून निघतं असं की फ्रान्सचं साम्राज्य थोर आहे, त्याची सगळी लेकरं रंगभेद न मानता निष्ठेने त्याच्या झेंड्याची सेवा करतात. वसाहतीचा सगळा इतिहास एका निरागस फोटोत विरघळून गेला आणि उरली ती "सहज" वाटणारी गोष्ट. इतिहासाने घडलेलं निसर्गाने दिल्यासारखं दिसणं, हे आयडिऑलॉजीचं, म्हणजे आहे ती व्यवस्था योग्य वाटायला लावणाऱ्या विचारांचं, मुख्य काम.

हे पकडायची साधी ट्रिक: वस्तूतली अशी वाक्यं काढा ज्यांत करणारा गायब आहे, आणि त्याला परत आणा. "आजकाल स्ट्रेस वाढलाय." कुणी वाढवला? कुठल्या निर्णयाने? "वेगवान जगात टिकायचं असेल तर." वेग कुणी ठरवला? हंगेरियन विचारवंत लुकाचने १९२३ मध्ये लिहिलं तेही हेच, माणसांमधली नाती वस्तूंच्या गुणधर्मासारखी दिसायला लागतात, हवामानासारखी, ज्याच्यापुढे आपण फक्त छत्री उघडू शकतो. करणारा परत आणला की हवामान पुन्हा निर्णय बनतं, आणि निर्णय बदलता येतो.

पायरी ६: सत्ता कशी चालतेय

इथे दोन माणसं कामाला येतात आणि त्यांची सरमिसळ करायची नाही. ग्राम्शी, मुसोलिनीच्या तुरुंगात वह्या लिहिणारा इटालियन विचारवंत, विचारतो की वरच्या वर्गाचं म्हणणं सगळ्यांना आपलंच शहाणपण का वाटतं. नुसत्या दंडुक्याने नाही, संमतीने. शाळा, चर्च, वर्तमानपत्रं यांतून ती संमती रोज कमवावी लागते आणि म्हणून ती तुटूही शकते, सवलती द्याव्या लागतात. अॅप ही अशी सवलत म्हणून बघता येते: कर्मचारी दमलेत ही तक्रार ऐकली गेली, पण खर्च कमी येईल अशा रूपात.

फ्रेंच विचारवंत फुको वेगळं विचारतो. त्याच्या १९७५ च्या पुस्तकात इंग्रज विचारवंत बेंथमच्या तुरुंगाच्या आराखड्याची चर्चा आहे, मधल्या मनोऱ्यात पहारेकरी आहे की नाही ते कैद्याला कळत नाही म्हणून तो स्वतःच स्वतःवर पहारा ठेवतो. फुकोसाठी सत्ता नुसती दाबत नाही, ती विशिष्ट प्रकारचा माणूस घडवते. सलग दिवसांची गिनती तुटू नये म्हणून आजारी असतानाही अॅप उघडणारा माणूस, तो असा घडलेला आहे. कोणी सांगितलं नाही, कोणी बघतही नसेल.

तुमच्या वस्तूला यातला कुठला प्रश्न जास्त लागू पडतो ते ठरवा आणि एकच धरा. दोन्ही अर्धवट धरले की लिखाण पातळ होतं.

पायरी ७: कोण दिसत नाही

१९७६ मध्ये अमेरिकेतल्या मिझुरीमध्ये एका फेडरल कोर्टासमोर जनरल मोटर्सविरुद्ध पाच कृष्णवर्णीय स्त्रियांची केस होती. कंपनीने १९६४ पूर्वी कृष्णवर्णीय स्त्रियांना घेतलंच नव्हतं, आणि मग मंदीत सिनिऑरिटीनुसार कपात केली तेव्हा १९७० नंतर लागलेल्या सगळ्या जणी गेल्या. कोर्टाने म्हटलं की कंपनीने १९६४ पूर्वीही स्त्रिया घेतल्या होत्या, म्हणजे लिंगावरून भेदभाव नाही. पण त्या आधी घेतलेल्या स्त्रिया गोऱ्या होत्या. वंशभेदाची तक्रार दुसऱ्या एका केसमध्ये सामील करा म्हणून सांगितलं, आणि दोन्ही तक्रारी एकत्र करून नवीन गट म्हणून दाद मागता येणार नाही असं ठरवलं. कायद्याची अभ्यासक किंबर्ली क्रेनशॉने १९८९ मध्ये या केसचा आधार घेऊन इंटरसेक्शनॅलिटी मांडली. दोन रस्ते जिथे एकमेकांना छेदतात तिथे उभ्या माणसाला दोन्हीकडून धक्का बसतो, आणि कायद्याला मात्र एकेकच रस्ता दिसतो.

मला ही केस नेहमी आठवते कारण इथे कुणी उघड वाईट बोललं नाही, नुसत्या वर्गवारीने माणसं अदृश्य झाली. म्हणून तुमच्या वस्तूतल्या वर्गवाऱ्या लिहून काढा. "सगळे कर्मचारी" म्हणजे कोण? कंत्राटावर सफाई करणारी बाई त्या यादीत आहे का? तिचा थकवा तर बहुतेक सगळ्यात जास्त, पण ती कंपनीच्या कागदावर कर्मचारीच नाही. आणि जिला अॅप मिळालंय तिला ऑफिसनंतर घरातल्या म्हाताऱ्यांचं, मुलांचं सगळं बघायचंय, तिची ती "स्वतःसाठी तीन मिनिटं" नेमकी कधी येणार? सिनेमा बघत असाल तर लॉरा मल्व्हीचा १९७५ चा प्रश्न घ्या, कॅमेरा कुणाच्या नजरेने बघतोय आणि कोण फक्त बघितलं जातंय. दुसऱ्या देशांबद्दलचं वर्णन असेल तर एडवर्ड सईदचा, की या वर्णनातून खरं तर वर्णन करणाऱ्याची कुठली प्रतिमा तयार होतेय.

पायरी ८: माणसांना विचारा

नुसतं वस्तू वाचून लोक काय समजतात ते कळत नाही. एरिश फ्रॉमने १९२९ च्या सुमारास जर्मन कामगार-कर्मचाऱ्यांसाठी २७१ प्रश्नांची प्रश्नावली काढली होती. मत कुणाला देता हे तर होतंच, पण भिंतीवर कुठली चित्रं लावलीत, मुलांना मार न देता वाढवता येतं का, बायकांनी नोकरी करावी का असलेही प्रश्न होते. मोठी गोष्ट ही दिसली की डाव्या पक्षांना मत देणारे अनेक जण घराच्या, हुकमाच्या, शिस्तीच्या प्रश्नांवर हुकूमशाही वळणाचे निघाले. राजकारणातलं मत आणि मनाची घडण यांत अंतर होतं. तो अभ्यास पुस्तक म्हणून जर्मनीत आला थेट १९८० मध्ये.

यातून घ्यायचं ते असं, की "अॅप आवडतं का" एवढंच विचारू नका. कधी उघडता, कुठे बसून, कुणी बघत असताना की एकटे, न केल्यास काय वाटतं, हे विचारा. आणि सगळे प्रश्न एकाच दिशेने लिहू नका. १९५० मध्ये प्रसिद्ध झालेल्या हुकूमशाही व्यक्तिमत्त्वाच्या मोठ्या अमेरिकन अभ्यासावर, ज्यात अडोर्नोही होता, हीच टीका झाली. विधानं अशी रचली होती की हो म्हणत गेलेला माणूस आपोआप हुकूमशाही वळणाचा ठरायचा.

उत्तरं लावताना स्टुअर्ट हॉलची १९७३ ची मांडणी कामाची आहे. कुणी संदेश दिला तसाच घेतो, कुणी थोडा मानतो थोडा आपल्या सोयीने वळवतो, कुणी उलटा वाचतो. आपल्या उदाहरणात मधला प्रकार खूप सापडेल. अॅप उघडायचं, कानात हेडफोन घालायचे आणि मेडिटेशन करतोय म्हणून दहा मिनिटं कुणी काम सांगायला येणार नाही याची सोय करायची. अॅप चालू, आवाज बंद. हा छोटासा प्रतिकार आहे, तो नोंदवा, पण त्याला क्रांती म्हणू नका, दिवसाचा बोजा त्याने हलत नाही.

पायरी ९: तुम्ही कुठे उभे आहात

इतकं झाल्यावर स्वतःला विचारायचं, मी हे कुठल्या जागेवरून म्हणतोय? अडोर्नोने १९३६ मध्ये टोपणनावाने जॅझवर निबंध लिहिला आणि त्या संगीताची मनापासून हेटाळणी केली. कृष्णवर्णीय संगीतकार त्यातून काय घडवत होते ते त्याला ऐकूच आलं नाही, युरोपियन शास्त्रीय संगीताचे कान घेऊन तो बसला होता. एवढ्या तल्लख माणसाचं हे होऊ शकतं. तेव्हा मला जी गोष्ट आधीच आवडत नाही तिच्यावर लिहिताना दुप्पट काळजी, आणि आवडणाऱ्या एका गोष्टीलाही हेच प्रश्न लावून बघा.

दुसरा भाग निकषाचा. फ्रँकफर्टच्या पुढच्या पिढीतल्या हाबरमासला जुन्या पिढीची अडचण दिसली, सगळी बुद्धीच सत्तेने बरबटलीय म्हटलं तर टीका करणारी बुद्धी कुठून आणायची? त्याने १९८१ च्या ग्रंथात आधार शोधला माणसांच्या बोलण्यात: आपण एकमेकांना पटवायला बघतो तेव्हा दबावाशिवाय, कारणांवर निर्णय व्हावा हे गृहीत असतंच. अमेरिकन विचारवंत नॅन्सी फ्रेझरने त्याच्या सार्वजनिक चर्चेच्या कल्पनेला विचारलं की त्या चर्चेत स्त्रिया आणि कामगार होते कुठे, त्यांना स्वतःची वेगळी चर्चेची ठिकाणं उभारावी लागली. हाबरमासनंतरच्या पिढीतला होनेथ म्हणतो मुळात माणसाला मान्यता हवी असते, आणि फ्रेझर त्यालाही म्हणते की मान्यतेबरोबर वाटपाचं काय. अॅपच्या बाबतीत हे लगेच वापरता येतं. कामाचा बोजा ठरवताना कर्मचाऱ्यांना बोलायला जागा होती का? "तुम्ही आमच्यासाठी महत्त्वाचे" ही मान्यता वेळ आणि पैशाच्या वाटपाशिवाय दिली जातेय का? एक निकष निवडा आणि लेखात तो उघडपणे सांगा, वाचणाऱ्याला तुमच्याशी भांडता आलं पाहिजे.

पायरी १०: लिहिणं

दोन पानांच्या लेखात नऊच्या नऊ पायऱ्या दाखवायच्या नाहीत. वर्णन, वचन, फट, आणि पायरी चार ते आठमधलं जे सगळ्यात जास्त बोललं ते एक किंवा दोन. विचारवंताचं नाव पहिल्या परिच्छेदात नको, वस्तू असू दे. नाव येईल तेव्हा त्याने तुम्हाला काय बघायला मदत केली ते त्याच वाक्यात आलं पाहिजे, नसेल येत तर नाव काढून टाका. नमुना म्हणून एक परिच्छेद:

"नोटिफिकेशन मीटिंगच्या पंधरा मिनिटं आधी येतं. ते शांततेबद्दल बोलतं, पण मीटिंग तशीच राहते. अॅप ज्याची काळजी घेतं तो माणूस एकटा आहे, त्याला सहकारी नाहीत, मॅनेजर नाही, डेडलाइन नाही. थकव्याचं कारण गाळून फक्त थकवा त्याच्या हातात ठेवलाय. तरीही तो रोज तीन मिनिटं मागतो, आणि ही मागणी खरी आहे. ती अॅपकडे केली जाते कारण दुसरीकडे कुठे करायची सोय ठेवलेली नाही."

यात एकही जड शब्द नाही, पण पायरी दोन, तीन आणि पाच तिन्ही आहेत.

मसुदा झाला की दोन चाचण्या लावा. पहिली, वस्तूचं नाव झाका आणि बघा हे लिखाण दुसऱ्या कुठल्याही वस्तूला चालतंय का. चालत असेल तर पायरी दोनवर परत जा, वर्णन कमी पडलंय. दुसरी, ती वस्तू रोज वापरणाऱ्या एखाद्या माणसाला वाचायला द्या. तो म्हणाला "असं नाहीये" तर कुठल्या वाक्यापाशी म्हणाला ते टिपून घ्या, त्याला ऐकवायला जाऊ नका, त्या वाक्याचा पुरावा पुन्हा तपासा. आणि बदलाबद्दल लिहिताना "जागृती व्हावी" असं मोघम नको, कोण काय बदलू शकतं ते लिहा: बोजा ठरवण्याच्या बैठकीत कर्मचाऱ्यांचे प्रतिनिधी असावेत, ठरावीक वेळेनंतर मेसेजला उत्तर देणं बंधनकारक नसावं, कंत्राटी लोकांचाही हिशेब त्याच टेबलावर व्हावा, अॅपचा डेटा मालकाला मिळू नये.